ताई, आहात ना?

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. रंगवून सांगायचा मला सोस नाही आणि तेवढी कल्पनाशक्तीही नाही. हे घडलं माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत. भरदिवसा. डोक्यावर दोन ट्यूबलाईट लख्ख चालू असताना, एका ऑफिसच्या तळघरातल्या खोलीत.

भुतंखेतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा जपून वाचावं.

आणि हो... मी हे एका खुर्चीत बसून लिहितेय. मला या खुर्चीतून उठता येत नाहीये.

का, ते कळेलच.

नणंदेला मी वन्सं म्हणते. माझ्याहून मोठ्या. तोंडाने फटकळ, पण शेजारचं मांजर दोन दिवस दिसलं नाही तर यांचा घास घशाखाली उतरत नाही. यजमान गेले, मुलगा नोकरीला लागला आणि घर त्यांना खायला उठलं. तेव्हा पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी नोकरी धरली. लिफ्टची देखभाल करणारी एक कंपनी होती, तिच्या तक्रार खोलीत.

काम तसं सोपं होतं. शहरात कुठेही कंपनीची लिफ्ट अडकली की आतला माणूस मोबाईलवरून मेसेज करायचा. तो वन्संच्या स्क्रीनवर उमटायचा. वन्सं मिस्त्रीला पाठवायच्या आणि दार उघडेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायच्या, म्हणजे टाईप करत राहायच्या.

त्या खोलीचा नियम एकच, पण कडक.

माणूस आत आहे तोवर खुर्ची सोडायची नाही.

पाणी नाही, डबा नाही, काही नाही. कारण आत अडकलेल्या माणसाला अंधाराची जेवढी भीती वाटत नाही, तेवढी उत्तर न येण्याची वाटते. वन्संच्या हा नियम इतका अंगात मुरला की घरी कुकर लावला तरी त्या गॅसपाशी उभ्या राहायच्या. मी म्हणायचे, "वन्सं, बसा की जरा." तर म्हणायच्या, "वहिनी, शिटी होईपर्यंत त्याचं कोण आहे?"

रोज तीच वाक्यं टाईप करून बोटं दुखायची. "काळजी करू नका, आमचा माणूस निघाला आहे." "दार स्वतः उघडायला जाऊ नका." "भिंतीवर कोणता आकडा दिसतो?" हा आकडा म्हणजे मजल्याचा. लिफ्ट मधेच थांबली तर कुठे थांबली ते कळावं म्हणून आतल्या बाजूने भिंतीवर रंगवलेला असतो. आणि शेवटचं वाक्य, "मी इथेच आहे."

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याने त्यांना एक युक्ती शिकवली. या मुलाला सगळे रिस्टार्ट म्हणायचे. कारण काहीही बिघडलं की तो लांबूनच ओरडायचा, "रिस्टार्ट करा!" त्याने दाखवलं की आपण जे जे कॉपी करतो, ते कॉम्प्युटर एका खिडकीत साठवून ठेवतो. दोन बटणं दाबली की खिडकी उघडते. हवं ते वाक्य निवडायचं, चिकटवायचं.

वन्संना फार आवडलं ते. दिवसातून शंभर वेळा ती खिडकी उघडायच्या.

एका सकाळी उघडली... तर त्यांच्या वाक्यांच्या वर एक नवं वाक्य होतं.

"ताई, आहात ना?"

वन्संनी भराभर मागचे मेसेज पाहिले. सकाळपासून एकही लिफ्ट अडकलेली नव्हती. चुकून कुठलंतरी जुनं कॉपी झालं असेल, असं म्हणून त्यांनी ते पुसलं.

चहा पिऊन आल्या. खिडकी उघडली.

"ताई, आहात ना?"

पुन्हा पुसलं. या वेळी सगळंच पुसलं, स्वतःची वाक्यंसुद्धा. खिडकी रिकामी झाली. त्या बघत बसल्या.

काही नाही...

काही नाही...

कीबोर्डला त्यांचं बोटही लागलेलं नव्हतं. आणि खिडकीत ओळ उमटली.

"दिवा गेला."

रिस्टार्ट आला तो हातात सामोसा घेऊनच. "रिस्टार्ट केलंत?"

"चार वेळा केलं बाबा. आता तुलाच करायचं बाकी आहे."

तो हसत बसला खुर्चीत. म्हणाला, "ताई, साधी गोष्ट आहे. कोणीतरी दुसऱ्या मशीनवर तुमच्या नावाने घुसलंय. तिथे कॉपी केलेलं इथे दिसतंय." त्याने दोन मशीन जोडणारी सोय बंद केली. सगळं पुसलं. पासवर्ड बदलला.

"बघा आता."

खिडकी उघडली.

"कोण आहे ताई तुमच्याजवळ?"

रिस्टार्टचं हसू राहिलं, पण तोंडापुरतं. त्याने इंटरनेटची वायर उपटली. मग कीबोर्डची वायर काढली. मग माऊसची. मशीनला आता विजेशिवाय काही जोडलेलं नव्हतं. मग त्याला आठवलं की बटणं दाबायला कीबोर्ड लागतोच, म्हणून परत जोडला. सेटिंगमध्ये जाऊन त्याने साठवणच बंद करून टाकली. खिडकी उघडली की आता नुसतं एवढंच दिसायचं... साठवण बंद आहे.

आणि त्या ओळीच्या खाली...

"बंद करू नका ना."

रिस्टार्ट उठला. सामोसा टेबलावरच राहिला.

"ताई, या खिडकीत आपोआप काही येत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "कोणीतरी आधी लिहावं लागतं. मग ते निवडावं लागतं, मग कॉपी करावं लागतं. याच मशीनवर."

"मग?"

"मग काय... लिहिलं कुठे, ते मला सापडत नाहीये."

दुसऱ्या दिवशी त्याने वन्संना कोरं करकरीत मशीन आणून दिलं. खोक्यातून त्यांच्यासमोर काढलं. चालू केलं, दोन बटणं दाबली.

"ताई, आहात ना?"

"मी हे बघितलेलं नाही," रिस्टार्ट म्हणाला. त्यानंतर तो तळघरात आला नाही. आणि पाचव्या मजल्यावरच्या आपल्या टेबलापर्यंत जिन्याने जायला लागला. सगळे त्याला हसायचे, व्यायाम सुरू केलास का म्हणून.

आता खरं सांगायचं तर, तुम्ही-मी असतो तर काय केलं असतं? मशीन बंद केलं असतं. पर्स उचलली असती. घर गाठलं असतं.

वन्संनी तसं केलं नाही. कारण त्या तक्रार खोलीतल्या बाई होत्या. पलीकडून कोणी "आहात ना" विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच त्यांच्या हातांना माहीत होतं.

त्यांनी एक कोरं पान उघडलं. लिहिलं, "मी इथेच आहे. काळजी करू नका." निवडलं. कॉपी केलं.

वन्सं मला नंतर म्हणाल्या, "वहिनी, लिहून होईपर्यंत मला कळलंच नाही मी काय करतेय. हात आपोआप गेले हो."

खिडकीत त्यांचं वाक्य सगळ्यात वर दिसत होतं. मग त्याच्याही वर दुसरं आलं.

"बरं वाटलं. आता जाऊ नका."

झालं. तक्रार नोंदली गेली.

वन्संनी रीतीप्रमाणे सगळं विचारलं. कोणती इमारत? उत्तर आलं, आठवत नाही. किती जणं आहात? एकटी. कधीपासून अडकल्या आहात?

याला उत्तर आलं...

"मी उभीच आहे."

वन्संनी मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हणजे कंपनीचा जुना माणूस, तोंडात सतत बडीशेप आणि थट्टा. "पत्ता द्या ताई," तो म्हणाला.

"पत्ता नाही."

"मग जाऊ कुठे? वर आभाळात बसवलीय का आपण एखादी?"

"मिस्त्री, थट्टा नको. एक बाई आत आहे."

"बोर्डावर सगळे हिरवे दिवे आहेत की नाही? मग कोणी आत नाही. ताई, तुम्ही डबा खाल्लात का? उपाशीपोटी असं होतं."

वन्संनी फोन ठेवला. समोरच्या बोर्डावर खरंच सगळे दिवे हिरवे होते. कंपनीची एकही लिफ्ट थांबलेली नव्हती.

त्यांनी विचारलं, "दार थोडं उघडलं असेल तर बघा. भिंतीवर कोणता आकडा दिसतो?"

वन्सं बोर्डाकडे आणि खिडकीकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"भिंत दिसते. आकडा नाही."

"नीट बघा. लाल रंगात असेल."

"ताई, भिंत थांबतच नाहीये."

वन्संनी ती ओळ दोनदा वाचली. मग विचारलं. "म्हणजे?"

"मी अडकलेली नाही. लिफ्ट चालू आहे. खाली चाललीय. मघापासून एकही मजला आला नाही."

त्या दिवशी वन्सं खुर्चीतून उठल्या नाहीत. डबा तसाच राहिला. ऑफिसच्या मुख्य मॅडम दोनदा डोकावून गेल्या. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "ताई, ऑफिसच्या वेळात कोणाशी गप्पा चालल्यात?" वन्सं टाईप करत राहिल्या. संध्याकाळी बाहेर दिवे लागले, तेव्हा कुठे ओळ आली.

"आता झोपते ताई. उद्या या."

म्हणजे एक बरं होतं. रात्री तिकडून काही यायचं नाही. पण सकाळी ऑफिसं उघडतात त्या सुमारास सुरू व्हायचं, ते दिवेलागणीपर्यंत. वन्सं रोज आपल्या कामाच्या मेसेजमधून सवड काढून तिलाही उत्तरं द्यायच्या. जेवलात का, ती विचारायची. बाहेर ऊन आहे का, विचारायची. एकदा म्हणाली, "ताई, तुमच्या खोलीला खिडकी आहे का?" तळघरात कसली खिडकी! वन्संनी नाही म्हणून लिहिलं.

"मग तुम्हीपण माझ्यासारख्याच," ती म्हणाली.

मला यातलं काही माहीत नव्हतं तेव्हा. फक्त एवढं दिसायचं की वन्सं वाळत चालल्यात. मी म्हटलं, "फार काम लावतात का हो?" तर म्हणाल्या, "काम नाही वहिनी, सोबत."

मग सुट्टीचा वार आला.

वन्सं घरी होत्या. दिवसभर अस्वस्थ. दुपारी त्यांच्याच इमारतीत आरडाओरडा झाला. लिफ्ट मधेच बंद पडली होती आणि आत वरच्या मजल्यावरचे मास्तर होते. निवृत्त माणूस, रोज दुपारी पेपर आणायला खाली जाणारा. त्यांना बाहेर काढायला बराच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा मास्तर कोपऱ्यात अंग चोरून उभे होते. त्या एवढ्याशा लिफ्टमध्ये दुसऱ्या कोणाला तरी जागा करून दिल्यासारखे.

वॉचमनने हात धरून बाहेर आणलं. लिफ्टचं दार लावून घेतलं.

मास्तर एकदम मागे वळले. "अहो, थांबा! त्या बाई उतरल्या नाहीत अजून."

लिफ्टमध्ये कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वन्सं ऑफिस उघडायच्या आधी दारात हजर. मशीन चालू केलं. बटणं दाबली. खिडकीत ओळ होतीच.

"काल कोणी नव्हतं. म्हणून दुसऱ्यांना बोलवावं लागलं."

आता कळलं ना, वन्सं कशात अडकल्या होत्या ते?

त्यांनी उत्तर द्यायचं थांबवलं, तर कोणीतरी दुसरं आत ओढलं जाणार होतं. मास्तर सुटले. पुढचा सुटेलच असं कोण सांगणार? आणि सांगायचं कोणाला? मॅडमना सांगितलं तर त्यांनी हात जोडले. गोड बोलून म्हणाल्या, "ताई, तुम्ही थोडे दिवस आराम करा." थोडे दिवस म्हणजे कायमचे, हे न कळायला वन्सं काही कुक्कुलं बाळ नव्हत्या.

घरी आल्या. मुलाचा जुना लॅपटॉप कपाटातून काढला, पुसला, जेवणाच्या टेबलावर ठेवला. दोन बटणं दाबली.

"आलात? बरं झालं. मला वाटलं चुकामूक होते की काय."

तेव्हापासून वन्सं त्या टेबलापाशी बसल्या. लग्नाकार्याला नाही, बाजारहाटाला नाही. मुलगा वैतागला. माझे हे तर बहिणीशी भांडले. शेवटी वन्संनी मला एकटीला बसवून सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं. मनातून मला वाटलं, एकटेपणाने बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. स्वतःच लिहीत असतील आणि विसरत असतील. देवाशपथ, मला असंच वाटलं.

मग डोळ्यांचं निघालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पार पिकलेला, डावाही धूसर. अक्षरं दिसेनाशी झाली. वन्सं ऑपरेशन टाळत होत्या, कारण दिवसभर खुर्ची कोण सांभाळणार? पण ओळच वाचता आली नाही, तर उत्तर कसं देणार?

"मी बसते," मी म्हटलं. त्यांचं मन मोडू नये म्हणून. बाकी काही नाही.

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला माझीच लाज वाटली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांनी मला नियम सांगितले. "ती आहात ना म्हणाली की आहे असं लिहायचं, निवडायचं, कॉपी करायचं. जास्त बोलायचं नाही. माझ्याबद्दल काही सांगायचं नाही. आणि उठायचं नाही."

"आणि बाथरूमला?"

"आत्ता जाऊन या."

"आणि तुम्ही दवाखान्यात लिफ्टने..."

"वेडी का काय मी! जिन्याने जाणार, जिन्यानेच येणार."

भाचा, म्हणजे वन्संचा मुलगा, त्यांना घेऊन गेला. मी बसले. पलीकडे घड्याळ टिकटिकत होतं. नळ ठिबकत होता. मी खिडकी उघडली, ती रिकामी होती. मनात म्हटलं, बघा, आहे का काही?

मी पेपर उघडला. थोड्या वेळाने सहज पुन्हा बटणं दाबली.

"ताई, आहात ना?"

मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. खरं सांगते. लहान मुलासारखे मांडीखाली दाबून बसले. मग आठवलं, उत्तर द्यायचंय. लिहिलं, "आहे." निवडलं, कॉपी केलं.

लगेच आलं...

"आवाज वेगळा आहे."

आवाज? मी दोन अक्षरं टाईप केली होती. तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

"तुम्ही त्या नाही. त्या कुठे गेल्या?"

मी बटणांना हात लावला नाही.

"त्यांना काही झालं का? सांगा ना. मला फार काळजी वाटते त्यांची."

आणि मी तीच चूक केली जी आमच्या घरातल्या बायकाच करू शकतात. कोणी काळजीने विचारलं की आमच्याने गप्प बसवत नाही. मी लिहिलं, "बऱ्या आहेत. डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्यात. दुपारी येतील."

बराच वेळ काही नाही...

नळही ठिबकायचा थांबला होता.

"कितव्या मजल्यावर आहे दवाखाना?"

मी उठले.

हो, उठले. वन्संनी सांगितलेलं सगळं विसरून उठले. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. तांब्याने पाणी प्यायले, ते अर्धं अंगावर सांडलं. देवाचं नाव घेतलं. किती वेळ उभी होते, मला माहीत नाही. मोबाईल वाजला तेव्हा भानावर आले.

भाचा होता. "मामी, ऑपरेशन छान झालं. पण... मामी, जरा गडबड झालीय."

"काय रे?"

"आईला गरगरत होतं. जिना उतरवेना. मग चाकांच्या खुर्चीत बसवून लिफ्टमध्ये घेतलं. मी गाडी आणायला पुढे आलो. औषधांची पिशवी राहिली म्हणून नर्स दोन पावलं मागे वळली... आणि दार बंद झालं."

"मग?"

"मी खाली दारापाशी उभा आहे. लिफ्ट अजून आली नाही."

"मधे कुठे थांबली का?"

"थांबलेली नाही मामी." तो म्हणाला. "मोटार चालू आहे, आवाज येतोय. खाली जायचा बाण लुकलुकतोय. पण खाली काही नाहीच ना! हाच शेवटचा मजला आहे."

मी धावत टेबलाशी आले. लिहिलं, "मी आले. मी इथेच आहे. इथेच आहे." कॉपी केलं.

उत्तर शांतपणे आलं.

"आता घाई नाही ताई. त्या आल्या."

मी खुर्चीत कोसळले. नुसती त्या खिडकीकडे बघत राहिले. आणि मग तिथे आणखी एक ओळ उमटली.

"वहिनी, आहात ना?"

मला वहिनी म्हणणारं या जगात एकच माणूस आहे.

मिस्त्री लोकांनी लिफ्टचं दार उघडलं तेव्हा ती वरच्याच मजल्यावर उभी होती. जागची हललीच नव्हती म्हणे. आत चाकांची खुर्ची होती. तिच्यावर वन्संची शाल होती. बस.

पोलीस झाले. चौकशा झाल्या. दवाखान्याचे कॅमेरे पाहून झाले. वन्सं आत जाताना दिसतात, बाहेर येताना दिसत नाहीत. माझे हे अजून रोज तिथे जाऊन बसतात. भाचा कोणाशी धड बोलत नाही. लोक म्हणतात, बाई भ्रमात होती, कुठेतरी निघून गेली असेल.

मी वन्संच्या घरी येऊन राहिलेय. सकाळी ऑफिसं उघडतात त्याआधी या खुर्चीत बसते आणि दिवेलागणीला "झोपते वहिनी" अशी ओळ आली की उठते. हे परवा चिडले. म्हणाले, "तुलाही तिचंच लागलंय का? उठ आधी!" मी म्हटलं, तुमची बहीण आत आहे तोवर नाही उठणार.

मी त्यांना आकडा विचारते. वन्सं म्हणतात, आकडा दिसत नाही वहिनी, डोळ्यावर पट्टी आहे ना. दुसऱ्या डोळ्याने नुसतं पांढुरकं दिसतं. मग थोड्या वेळाने विचारतात, "डॉक्टर म्हणाले होते, पट्टी उद्या काढायची. उद्या झाला का हो?"

कितीतरी उद्या होऊन गेले. पण मी लिहिते, "अजून नाही वन्सं. काढू नका."

कारण पट्टी आहे तोवर त्यांना दिसणार नाही... शेजारी कोण उभं आहे ते.

आज सकाळी मात्र वेगळीच ओळ आली.

"वहिनी, या बाई फार चांगल्या आहेत. म्हणतात, मी काढून देते पट्टी."

मी लिहिलं, "नको." कॉपी केलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा कॉपी केलं. खिडकी वरपासून खालपर्यंत माझ्याच "नको"ने भरून गेलीय.

तेव्हापासून पलीकडून काही आलेलं नाही. म्हणून हे लिहीत बसलेय. हात चालू ठेवायला.

बाहेर ऊन उतरायला लागलंय. आता दिवे लागतील.

वन्सं, मी इथेच आहे.